समासासकट लक्ष्मी

चिपळूणचे आजोळचे घर पाडायचे ठरले ते 2017 साली. माजघराच्या भिंतीवरून तेव्हा दोन तसबिरी उतरवल्या गेल्या, एक लक्ष्मीची आणि एक सरस्वतीची, आणि दुसऱ्या कोणालाही त्या नको असल्यामुळे दोन्ही माझ्याबरोबर डोंबिवलीला आल्या. चित्रे ओळखीचीच होती. कमळावर उभी असलेली, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती असलेली लक्ष्मी, आणि खडकावर बसून वीणा वाजवणारी, जवळ मोर असलेली सरस्वती. राजा रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रांवरून छापलेली ही चित्रे महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत आणि दुकानांत अजूनही दिसतात. आमच्या लक्ष्मीचे वेगळेपण एवढेच, की आजीच्या सासूबाईंनी तिच्या साडीच्या काठावर खरी जर आणि अंगावरच्या दागिन्यांवर बारीक टिकल्या चिकटवल्या होत्या. त्या काळी घरोघरच्या बायका हे हौसेने करीत, आणि चौकटीचा विषय निघाला तेव्हा याच जरीने सगळ्यात जास्त अडचण केली.

त्याआधी सरस्वतीचे काय झाले ते सांगायला हवे, कारण जे काही शिकले ते तिच्या जिवावर शिकले. प्रवासात तिची काच तडकली होती, म्हणून ती मी जवळच्याच एका तसबिरीच्या दुकानात दिली. दुकानदार भला माणूस होता. कागद हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, कागद पार गेलाय, पण असा ताठ करून देतो की पुन्हा बघायला नको." मी त्याला सांगितले, की नव्यासारखे दिसले पाहिजे, आणि त्याने माझा शब्द अक्षरशः पाळला. चार दिवसांनी तसबीर मिळाली तेव्हा चित्र पांढऱ्या डिंकाने संपूर्ण प्लायवुडवर चिकटवलेले होते, कडा पिवळ्या आणि कुरतडलेल्या दिसत होत्या म्हणून चारही बाजूंचा समास पट्टीने सरळ कापून टाकलेला होता, वर सोनेरी चौकट होती आणि काच चित्राला टेकलेली होती. मी त्याचे आभार मानले आणि वर दोन ओळखीच्यांना त्याचे नावही सुचवले.

दोन पावसाळ्यांत चित्रावर फुगे आले. प्लायवुड दमट हवेत एका प्रमाणात फुगते आणि कागद दुसऱ्या; दोघांना डिंकाने एकजीव केले की ओढाताण होते आणि त्यात कागदच हरतो. वीणेच्या भोपळ्याशेजारी एक बारीक भेग पडली, आणि एका कोपऱ्यात चित्राचा पृष्ठभाग काचेला इतका घट्ट चिकटला, की काच काढली तर रंगाचा पापुद्रा काचेबरोबर निघेल हे उघड्या डोळ्यांनीच दिसत होते. लक्ष्मीची जुनी चौकट तोपर्यंत मी उघडली नव्हती. एव्हाना तिला हात लावायची भीतीच वाटू लागली होती.

ही भीती घालवली ती माझ्या एका मैत्रिणीने, जी कलामहाविद्यालयात मुद्राचित्रण, म्हणजे ठशांवरून चित्रे छापण्याची कला, शिकवते. ती घरी आली, लक्ष्मीची तसबीर जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली आणि पिशवीतून दहापट मोठे दाखवणारे भिंग काढून काचेवरूनच पाहू लागली. मग तिने भिंग माझ्या हाती दिले. शेजारी तिने कॅलेंडरवरची छापील लक्ष्मी ठेवली होती. कॅलेंडरच्या चित्रात भिंगाखाली चारच रंगांचे ठिपके दिसले, अगदी शिस्तीत, ठराविक अंतरावर, लहान लहान फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले. आमच्या चित्रात मात्र ठिपके वेडेवाकडे, दाट-विरळ, एकमेकांवर चढलेले होते आणि रंग चारांहून कितीतरी जास्त. गालाजवळ गुलाबीचेच तीन वेगळे थर मोजता आले, तर हत्तीच्या कानाच्या कडेला निळा रंग रेषेच्या किंचित बाहेर सांडला होता. हे ठिपके यंत्राने पाडलेले नाहीत, कारागिराने दगडावर हाताने काढलेले आहेत, असे ती म्हणाली, आणि त्या क्षणी माझ्या दृष्टीने ती तसबीर देवघरातून उठून कारखान्यात गेली.

आपल्याकडे शिळाछाप पोथ्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. हे तंत्र तेच. अॅलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने 1796 च्या सुमारास शोधलेल्या या पद्धतीत गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात, शिळा रासायनिक क्रियेने पक्की करतात आणि मग ओली करतात. पाणी कोऱ्या भागावर टिकते, तेलकट भागावर टिकत नाही. छपाईची तेलकट शाई बरोबर याच्या उलट वागते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते, आणि प्रत्येक वेळी कागद आधीच्या ठशावर बिनचूक बसवावा लागतो. हत्तीच्या कानाजवळचा निळा रंग म्हणजे त्या बसवण्यातली केसभराची चूक होती. छपाई झाल्यावर वरून व्हार्निशचा थर देत, कधी कधी कापडाची वीण उमटलेला दाब देत, म्हणजे चित्र तैलचित्रासारखे चमकदार दिसे. म्हणून या छापांना ओलिओग्राफ म्हणतात. आमच्या लक्ष्मीवरचा मधासारखा पिवळेपणा हा बराचसा त्या जुन्या व्हार्निशचाच होता, जो मी इतकी वर्षे उदबत्तीचा धूर समजत होते.

मैत्रिणीने मग भिंग खालच्या समासावर नेले. तिथे चित्राच्या नावाखाली फिकट अक्षरांत छापखान्याचे नाव आणि गाव होते. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत गिरगावला शिळाछापखाना काढला, त्यासाठी यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. मुंबईत 1896 साली प्लेग सुरू झाला आणि शतक संपता संपता छापखाना लोणावळ्याच्या पुढे मालवलीला हलला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि रविवर्मा 1906 साली वारल्यानंतरही तिथून चित्रे निघत राहिली. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम करीत होते. पुण्याला जाताना लोणावळ्यानंतरचे स्टेशन म्हणून मालवली मी शेकडो वेळा खिडकीतून पाहिली आहे, आणि आजीच्या माजघरातली लक्ष्मी तिथून निघालेली होती. छापखान्याचे गाव कोणते लिहिले आहे यावरून चित्र कोणत्या काळातले असावे याचा अंदाज बांधता येतो, असे मैत्रीण सांगत होती. मी मान वर करून सरस्वतीकडे पाहिले. तिचा समास दुकानाच्या केराच्या टोपलीत गेला होता, आणि ती गिरगावची की मालवलीची, की पुढच्या कुठल्या नकलेची, हे सांगणारी एकमेव ओळ त्याबरोबरच गेली होती. आजच्या चित्रकारांच्या मर्यादित आवृत्तीतल्या छापांचेही तेच: पेन्सिलीने लिहिलेला प्रतीचा क्रमांक आणि सही समासातच असते, आणि समास 'कडा सरळ करण्यासाठी' कापला की उरते ते निव्वळ चित्र.

लक्ष्मीला मी एका कागद-संवर्धक बाईंकडे नेले. त्यांनी सुरुवातीचे दोन तास चित्राला काहीही केले नाही. फक्त छायाचित्रे काढली, सरळ प्रकाशात, मग बाजूने पडणाऱ्या तिरप्या प्रकाशात, ज्यात कागदाचा प्रत्येक उंचवटा आणि सुटलेली प्रत्येक जर सावलीनिशी दिसते. नंतर मागच्या बाजूचे गंजलेले बारीक खिळे एकेक करून उपटले. पाठीला पुठ्ठा नव्हता, खोक्याच्या लाकडाच्या पातळ फळ्या शेजारी शेजारी ठोकलेल्या होत्या. त्या काढल्या आणि चित्राची पाठ उलगडली तेव्हा तिथे फळ्यांचा नकाशाच उमटलेला होता: दोन फळ्यांमधल्या फटीतून जिथे शंभर वर्षे धूळ आणि हवा आत येत राहिली तिथे तपकिरी उभ्या रेघा, आणि जिथे लाकडात गाठ होती तिथे सुपारीएवढा करपल्यासारखा डाग. हाच डाग पुढच्या बाजूने पाण्यात हंसाच्या शेजारी दिसत असे आणि लहानपणी मला तो मासा वाटे.

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून त्याचा सामू (pH) मोजला. तो पाचाच्या खाली होता, म्हणजे कागद चांगलाच आम्लधर्मी झालेला होता. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य असते, ते प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते आणि काळानुसार आम्ल तयार होऊन कागद ठिसूळ होतो, हे वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून सगळ्यांना माहीत असते. मला माहीत नव्हते ते हे, की आम्ल शेजाऱ्याकडूनही येते: पाठीची फळी, चित्राभोवती खिडकीसारखे कापून लावलेले स्वस्त पुठ्ठ्याचे माउंट, प्लायवुड, एमडीएफ, यांतले आम्ल वर्षानुवर्षे चित्रात झिरपत राहते. सोनेरी चौकटीतल्या सरस्वतीच्या कडेने तपकिरी रंग का चढत चालला होता, ते त्या वाक्यात कळले.

काम तीन महिने चालले. त्यातले पुष्कळसे नुसते थांबण्याचे होते. मऊ ब्रशने आणि रबराच्या कोरड्या स्पंजाने धूळ उचलली गेली, पाठीला चिकटलेले जुन्या कागदाचे थर बोथट पात्याने पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवले गेले, खालच्या कडेला कसरीने खाल्लेली भोके आणि एक फाट जपानी कागदाच्या पट्ट्या व गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून मागून सांधली गेली. चित्र पाण्यातून काढून धुवावे, म्हणजे आम्ल निघून जाईल, अशी माझी आशा होती. बाईंनी कापसाचा ओलसर बोळा साडीच्या लाल रंगावर आणि जरीखालच्या डिंकावर अगदी टोकाला टेकवून पाहिला, आणि डिंक लगेच मऊ पडतो हे दाखवून त्यांनी धुण्याचा बेत सोडून दिला. व्हार्निशही काढले नाही. मी विचारले, की मग पिवळेपणा तसाच राहणार का? त्या म्हणाल्या, "राहणार. तुमच्या पणजीने जर लावली तेव्हा व्हार्निश आधीपासून होतं. ते काढायचं तर जर काढावी लागेल." एवढ्यावर माझा प्रश्न संपला. काचेच्या कडेतून आत उतरलेला हळदीचा ओघळही तसाच आहे. आजी दर शुक्रवारी काचेला हळदकुंकू लावी आणि पाणी कडेने आत जाई.

चौकटीच्या वेळी मात्र मी प्रत्येक गोष्ट विचारून घेतली, आणि बाईंच्या प्रत्येक उत्तराच्या मागे एकच कसोटी असल्याचे हळूहळू ध्यानात आले: जे काही लावायचे ते उद्या चित्राला न दुखावता काढता आले पाहिजे. चित्र कशालाही चिकटवलेले नाही. शंभर टक्के कापसाच्या लगद्याच्या, आम्लरहित जाड पुठ्ठ्यावर ते वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्यांनी टांगलेले आहे; बाकीच्या तीन कडा मोकळ्या आहेत, म्हणजे जुलैमध्ये कागद फुगला तर खाली सरकायला त्याला जागा आहे. चारही बाजूंनी बांधलेल्या कागदाला ती नसते, म्हणून त्याच्यावर लाटा उठतात. या बिजागऱ्यांना लावलेली खळ पाण्याने सुटते. सेलोटेपचा किंवा दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचा गोंद मात्र काही वर्षांत कागदात शिरून पिवळा पारदर्शक डाग बनतो, जो काढायला संवर्धकालाही रसायने लागतात. लॅमिनेशनबद्दल बाईंनी एक शब्दही उच्चारला नाही, फक्त डोळे मिटून घेतले.

पुढच्या माउंटची खिडकी सर्वसाधारणपणे चित्राच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर चढवतात. मी हट्टाने ती मोठी कापून घेतली, खालच्या समासातली छापखान्याची ओळ पूर्ण दिसेल इतकी. देखणेपणाच्या दृष्टीने हे थोडे विचित्र दिसते, कुरतडलेली कडही दिसते, पण सरस्वतीनंतर समास झाकायला मन धजेना.

काच कोणत्याही परिस्थितीत चित्राला टेकता कामा नये, कारण दमट हवेत काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरते, व्हार्निश मऊ होते आणि दोन्ही चिकटतात. साध्या छापाला माउंटची जाडी पुरते. आमच्या लक्ष्मीच्या जरीला आणि टिकल्यांना ती पुरेना, म्हणून काचेच्या आणि माउंटच्या मध्ये कडेने लपलेल्या पट्ट्या घालून आणखी अंतर वाढवावे लागले. अॅक्रिलिक हलके असते आणि फुटत नाही, पण पुसले की त्यावर स्थिर वीज येते आणि सुटलेले जरीचे तंतू ते स्वतःकडे ओढू शकते, म्हणून अतिनील किरण अडवणारी काच घेतली. बाकीच्या सगळ्या साहित्याच्या एकत्र किमतीपेक्षा ती काच महाग पडली हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. काच, माउंट, चित्र आणि पाठीचा पन्हळी पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा यांचा एकत्र गठ्ठा कडेने टेपने बंद केला आहे, म्हणजे धूळ, कसर आणि हवेतला चढउतार सहजी आत जात नाही. जुनी सागवानी चौकट टाकायची नव्हती. सुताराकडून मागे पट्टी जोडून तिची खाच खोल करून घेतली आणि लाकडाचा स्पर्श गठ्ठ्याला होऊ नये म्हणून खाचेला आतून अॅल्युमिनियमचे अस्तर लावले.

टांगायचे कुठे, हा प्रश्न मी क्षुल्लक समजत होते. हॉलमधली सोफ्यामागची भिंत आईला हवी होती. ती भिंत पश्चिमेची, बाहेरची. पावसाळ्यात तिच्यावर हात ठेवला तर थंड आणि ओलसर लागतो, आणि दुपारी तिच्यावर गॅलरीतले ऊन परावर्तित होऊन पडते. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालये साधारण 50 लक्सपर्यंतचा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात. फोनवरच्या ढोबळ मोजमापातसुद्धा त्या भिंतीवर दुपारी तीनशेच्या पुढे आकडा जात होता, तर आतल्या बोळात चाळीस-पन्नासच्या आसपास घुटमळत होता. अतिनील काच लावली की झाले, असे नाही. दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, आणि उडालेला रंग चित्राला रात्रभर अंधारात ठेवून परत येत नाही. शेवटी लक्ष्मी बोळातल्या आतल्या भिंतीवर गेली, स्वयंपाकघराच्या फोडणीपासून आणि न्हाणीघराच्या वाफेपासून दूर. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवले आहेत, म्हणजे भिंत आणि तसबीर यांच्यामध्ये बोटभर हवा खेळते.

आईला हे काही फारसे पटलेले नाही. अंधाऱ्या बोळात लक्ष्मी, तिला हार नाही, हळदकुंकू नाही, समोर निरांजन नाही, फुलांच्या हाराचा ओलावा चौकटीत उतरतो हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग देव कशाला म्हणायचं, काचेतला कागद म्हण." तिच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. तडजोड म्हणून मी संवर्धनाच्या वेळी काढलेल्या छायाचित्राची एक छोटी प्रत छापून आणली, आणि ती चौकटीत बसवायला पुन्हा त्याच दुकानात गेले. त्याने ती प्लायवुडवर ताठ चिकटवून, काच टेकवून, सोनेरी पट्टीत दोन दिवसांत दिली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिच्यापुढेच दिवा लागतो आणि तिच्याच काचेवरून हळदीचा ओघळ आत उतरू लागला आहे.

मोठ्या लक्ष्मीची देखभाल आता थोडकी आहे. काचेवर काही फवारत नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसते. पावसाळा संपला, की दसऱ्याच्या आधी तसबीर उतरवून मागचा टेप सुटला आहे का, बुरशीचा वास येतो का, माउंटवर कुठे नवा ठिपका दिसतो का, ते पाहते आणि त्याच कोनातून एक छायाचित्र काढून ठेवते. पाचही वर्षांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर लक्ष्मी आहे तशीच आहे.

सरस्वतीला प्लायवुडवरून सोडवता येईल, असे बाईंनी सांगितले: मागून लाकूड थरथराने खरवडून काढत जायचे आणि शेवटचा डिंकाचा थर जमेल तेवढा मऊ करायचा. काचेला चिकटलेला कोपरा मात्र जाण्याचीच शक्यता जास्त. मी अजून होकार दिलेला नाही. ती सोनेरी पट्टी काढून, काचेसकट, आम्लरहित पुठ्ठ्याच्या सपाट पेटीत कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी ठेवली आहे, आणि पेटीच्या झाकणावर पेन्सिलीने लिहिले आहे: सरस्वती, समास नाही, छापखाना अज्ञात.